बारा फ्लॅटचा प्रकल्प: पैसा कधी लागतो, कधी येतो

जालना, लातूर, परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरच्या कडेच्या वसाहतींत दहा-बारा फ्लॅटची इमारत बांधणारा छोटा बिल्डर अडचणीत येतो, तेव्हा बहुतेक वेळा वहीत नफा दिसतच असतो. स्लॅब संपून गिलावा सुरू करायच्या वेळी हातात पैसा नसतो, मग महिना शेकडा दोनने रक्कम उचलली जाते आणि वहीतला नफा व्याजात जातो. म्हणून प्रकल्पाचा हिशेब करताना एकूण खर्च आणि एकूण विक्री एवढ्यावर थांबू नका. कोणत्या महिन्यात किती जाणार आणि कोणत्या महिन्यात किती येणार, हा तक्ता जमिनीचा इसार देण्याआधी तयार हवा.

एक उदाहरण घेऊ. ६,००० चौरस फुटांचा प्लॉट, खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर तीन असे बारा टू-बीएचके, प्रत्येकी ६५० चौरस फूट कार्पेट. पार्किंग, जिना, लॉबी धरून बांधकाम १४,००० चौरस फूट. दर १,७०० रुपये धरला तर बांधकामाचे २ कोटी ३८ लाख. जमीन खरेदीखर्चासह १ कोटी २० लाख. परवानग्या, प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचे शुल्क), आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, वकील, रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नोंदणी, एक टक्का कामगार उपकर आणि महावितरणची जोडणी मिळून ३५ लाख. व्याज ३० लाख. एकूण ४ कोटी २३ लाख. फ्लॅट ४२ लाखांना गेला तर विक्री ५ कोटी ४ लाख, म्हणजे प्राप्तिकराआधी ८१ लाख उरतात. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब करा.

आता महिन्यांचा हिशेब. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारात हप्त्यांच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत: करार नोंदवण्याआधी १० टक्के, करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ (जोते) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतला गिलावा-फरशी-दारेखिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी-जिना-लॉबीला ८०, बाहेरचा गिलावा आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ८५, लिफ्ट-पंप-वायरिंगला ९५ आणि ताबा देताना शेवटचे ५.

हे आकडे नीट बघा. स्लॅबपर्यंत ७० टक्के येतात, पण बांधकामाचा खर्च तोवर साधारण ४५ टक्केच झालेला असतो. फिनिशिंगचे ५५ टक्के पुढे असतात आणि ग्राहकाकडून यायचे उरतात २५. पहिल्या पाच फ्लॅटचे बुकिंग लवकर झाले असे धरा. स्लॅबपर्यंत तुमचे गेले: जमीन १२०, परवानग्या ३५, आरसीसी १०७, एकूण २६२ लाख. आले: २१० लाखांचे ७० टक्के, म्हणजे १४७ लाख. तूट ११५ लाख. पुढे फिनिशिंगला १३१ लाख लागतात आणि त्याच पाच ग्राहकांकडून साडेबावन्न लाख येतात. तूट आणखी साडेअठ्ठ्याहत्तर लाखांनी वाढली. दोन्ही मिळून १ कोटी ९३ लाख. ही सगळी रक्कम शेकडा दोनची असेल तर महिन्याचे व्याज ३ लाख ८६ हजार. काम सहा महिने रखडले की २३ लाख गेले, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा.

यावरचा उपाय विक्रीच्या क्रमात आहे. सुरुवातीला पैसा हवा म्हणून आठ-दहा फ्लॅट घाईघाईने स्वस्तात काढू नका. चार-पाच फ्लॅट प्लिंथच्या आत जाऊ द्या. पुढचे तीन मुद्दाम शेवटच्या स्लॅबपर्यंत राखून ठेवा. त्या टप्प्यावर विकलेल्या फ्लॅटचे करार झाल्यावर ७० टक्के एकदम मागता येतात: एका फ्लॅटचे २९ लाख ४० हजार, तिघांचे ८८ लाख. फिनिशिंगची तूट त्यात भरून निघते. उरलेले चार शेवटच्या टप्प्यात किंवा भोगवटा प्रमाणपत्रानंतर विका. भोगवट्यानंतर पहिली रक्कम आली तर त्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे ग्राहकालाही तो फ्लॅट परवडतो.

जमिनीत अडकलेला पैसा

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे बँक खासगी बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज देत नाही, बांधकामासाठी देते. म्हणून जमिनीचा पैसा हातचा किंवा भागीदाराचा हवा, नाहीतर जमीनमालकाशी विकसन करार करावा. सावकार किंवा पतसंस्थेच्या पैशात जमीन घेतली की परवानग्यांचे सहा-आठ महिने व्याज नुसते चढत राहते, आणि त्या काळात एक विटसुद्धा लागलेली नसते.

विकसन करारात जमीनमालकाला ठरलेले फ्लॅट द्यायचे असतात, त्यामुळे सुरुवातीचे १ कोटी २० लाख वाचतात. पण करार आणि मुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृत हवेत. मुद्रांक शुल्क आधीच भरावे लागते. फ्लॅटमध्ये वाटा घेणाऱ्या मालकाला महारेरा प्रवर्तक मानते, हे त्याला सुरुवातीलाच समजावून सांगा. त्याच्या वाट्याच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोणी भरायचा तेही करारात लिहा. ताब्याच्या वेळी सर्वांत मोठा वाद यावरच होतो.

कागदपत्रांत मराठवाड्याची स्वतःची गुंतागुंत आहे. पुण्याकडचा वकील सातबारा आणि फेरफार बघून मोकळा होतो. इथे निजामकाळापर्यंत मागे जावे लागते. १९५४-५५ चे खासरा पत्रक काढा आणि त्यानंतरची पहाणीपत्रके त्याच्याशी ताडून बघा. मूळ नोंद मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) किंवा खिदमतमाश इनामाची असेल तर ती जमीन भोगवटादार वर्ग-२ मध्ये, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनींत, असते किंवा असायला हवी होती. देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनीचा व्यवहार तर सोडूनच द्या. हैदराबाद कूळ कायदा १९५० खालच्या संरक्षित कुळाला ३८-ई चे प्रमाणपत्र मिळाले असेल, तर पुढच्या विक्रीला परवानगी होती का ते बघा. वक्फच्या यादीतही गट नंबर तपासा. सातबारा आज कोरा दिसतो म्हणून हे कधी सोडू नका. इमारत उभी राहिल्यावर नोटीस आली की बँक ग्राहकांचे हप्ते थांबवते आणि काम जागेवर बसते.

मालकीचा शोध तीस वर्षांचा, वर्तमानपत्रात वकिलाची जाहीर सूचना, आणि इसाराआधी भूमी अभिलेखची मोजणी. मोजणीत प्लॉट रस्त्यात चार फूट गेलेला निघाला तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येते ते प्रमाण) आणि समासी अंतर दोन्ही बदलतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ एफएसआयवर प्रीमियम आणि टीडीआर (विकत घेतलेला बांधकाम हक्क) किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. त्यामुळे सौदा ठरवताना प्लॉटच्या फुटांइतकीच रस्त्याच्या मीटरची चौकशी करा. गुंठेवारीच्या प्लॉटवर बारा फ्लॅट बांधायचा विचार असेल तर आधी दोन-तीन बँकांना विचारा. ग्राहकाला गृहकर्जच मिळणार नसेल तर प्रकल्प चालत नाही.

रेरा आणि बँक

जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत, यातली एक अट बसली तरी नोंदणी लागत नाही. वरच्या उदाहरणातला प्लॉट ५५७ चौरस मीटर आणि फ्लॅट बारा, म्हणजे नोंदणी बंधनकारक. नोंदणीआधी व्हॉट्सअॅपवर नकाशा फिरवणेही जाहिरातच आहे आणि दंड प्रकल्प खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आठ फ्लॅटच्या आतल्या प्रकल्पाला १९६३ चा मोफा कायदा असतोच. त्यात करार नोंदवण्याआधी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती लागतात. ग्राहकाचा सगळा पैसा पहिल्या खात्यात, तिथून ७० टक्के स्वतंत्र खात्यात, ३० टक्के व्यवहार खात्यात. स्वतंत्र खात्यातली रक्कम जमीन आणि बांधकामालाच, कामाच्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांच्या प्रमाणपत्रांवर निघते. हे खाते पैसा अडवते अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण जमीन आणि आरसीसीचा खर्च तुम्ही आधी स्वतःचा केलेला असेल, तर काढता येणारी रक्कम जमा रकमेपेक्षा सहसा जास्तच भरते. अडते ते प्रमाणपत्रांपाशी. तिघांनाही महिन्याच्या ठराविक तारखेला साइटवर आणायचे आधीच ठरवून टाका.

बँकेचे बांधकाम कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. मंजुरीपत्र हातात आले की व्याजदराच्या आधी एक कलम वाचा: प्रत्येक फ्लॅट मोकळा करण्यासाठी बँकेत किती भरायचे. प्रकल्प बँकेकडे गहाण असतो. ग्राहकाला गृहकर्ज देणारी बँक तुमच्या बँकेचे ना हरकत पत्र मागते. फ्लॅटमागची रक्कम मंजुरीपत्रात लिहिलेली नसेल तर दर वेळी फाइल वरच्या कार्यालयात जाते आणि ग्राहकाचा ३० लाखांचा हप्ता महिनाभर लोंबकळतो. दुसरे काम म्हणजे प्लिंथच्या आत निदान दोन मोठ्या बँकांकडून प्रकल्पाला मान्यता घेऊन ठेवणे. मग प्रत्येक ग्राहकाच्या वेळी जमिनीचे कागद नव्याने तपासले जात नाहीत.

ग्राहक कोण आहे त्यावरही पैशाची तारीख ठरते. शिक्षक, एसटी किंवा बँकेतला नोकरदार असेल तर त्याचा स्वतःचा वाटा आधी येतो आणि बाकीचे कर्जातून, टप्पा झाला की दहा-पंधरा दिवसांत. शेतीच्या उत्पन्नावर घर घेणाऱ्याला प्राप्तिकर विवरणपत्राअभावी कर्ज कमी मिळते. त्याचा पैसा मोंढ्यातल्या पट्टीवर येतो: सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, कापूस-तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. अशा ग्राहकाला जुलैत हप्त्याची नोटीस पाठवून काही हाती लागत नाही. त्याच्या हप्त्याची तारीख करारातच सुगीला जोडून ठेवा.

जीएसटीचा एक खड्डा मात्र खोल आहे. ४५ लाखांच्या आत आणि आपल्याकडे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या फ्लॅटला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के, आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. अट अशी की खरेदीपैकी ८० टक्के माल आणि सेवा नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच हव्यात. सेंट्रिंगचा, गिलाव्याचा, फरशीचा गुत्तेदार सहसा बिगरनोंदणीचा असतो, वाळू-मुरूमवालाही तसाच. दोन कोटींच्या खरेदीत नोंदणीकृत भाग १ कोटी ४० लाखच भरला तर कमी पडलेल्या २० लाखांवर १८ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार, तुमच्या खिशातून जातात. बिगरनोंदणीच्या दुकानातून घेतलेल्या सिमेंटचा कर तर वेगळा, तो टक्केवारी न बघता भरावाच लागतो. मजुरीचा एखादा मोठा गुत्ता नोंदणीकृत माणसाकडे दिला की हे बहुतेक वेळा सावरते.

काळी माती, ऊसतोड आणि मे महिना

काम पुढे ढकलले गेले की वरचा सगळा तक्ता कोलमडतो, म्हणून बांधकामाचे वेळापत्रक इथल्या हवामानाला धरून आखा. परवानग्या पावसाळ्यात उरका. खोदाई ऑक्टोबरअखेरीस, प्लिंथ डिसेंबरात. दसऱ्यानंतर बीडच्या पट्ट्यातले मजूर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बिगारी मिळणे अवघड होते, म्हणून गुत्ता देताना टोळीची उचल आणि माणसांची संख्या लिहून घ्या. पार्किंग धरून पाच स्लॅब, एकेकाला तीन ते साडेतीन आठवडे, म्हणजे एप्रिलअखेर शेवटचा स्लॅब. मे-जूनमध्ये एएसी ब्लॉकच्या भिंती, कारण पातळ जोडमसाल्याच्या कामाला पाणी कमी लागते. गिलावा पावसाळ्याच्या तोंडावर.

पायाचा प्रश्न म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. पाया या मातीत थांबला तर जोते हलतेच. माती परीक्षण करूनच खोली ठरवा आणि खाली मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत जा. माती खूप खोल असेल तर कन्सल्टंट अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) सुचवेल, तो खर्च कापू नका. सर्वांत जास्त होणारी चूक मात्र पायात नसते, जोत्याच्या भरावात असते. खोदलेली काळी माती वाहून नेण्याचा खर्च वाचावा म्हणून गुत्तेदार तीच पुन्हा जोत्यात भरतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर तळमजल्याची फरशी मधोमध उचलली जाते आणि ड्रेनेजच्या चेंबरचे सांधे निखळतात. माती साइटवरून पूर्ण बाहेर काढा. मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा. इमारतीभोवती फरसबंदी ठेवा, म्हणजे गच्चीचे पाणी पायाशी मुरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने काय केले ते मराठवाड्याला सांगायला नको. तरीही पार्किंगच्या मजल्यावरच्या कॉलमकडे अजून दुर्लक्ष होते. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो, पार्किंगला नसतो, त्यामुळे हादऱ्याचा ताण तिथे एकवटतो. रिंगेचे हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. फिटर वेळ वाचवायला ९० अंशांत वाकवतो. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांचे अंतर १०० मिलिमीटरच्या वर नको, डिझाइनमध्ये त्याहून कमी असेल तर तेच पाळा. काँक्रीटच्या आदल्या दिवशी स्वतः खाली वाकून बघा, कारण भरल्यावर काही दिसत नाही.

सळई जालन्यातून थेट घेतली तर वाहतूक वाचते, पण माल काट्यावरच घ्या. वजन काढायचे सोपे सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई १०.६ किलोच्या आसपास भरली पाहिजे. भारतीय मानकानुसार या जाडीच्या लॉटला ५ टक्के कमी-जास्त चालते, १० मिलिमीटर आणि त्याखाली ७ टक्के. दहा सळया मोजून सरासरी काढा, एका सळईवरून भांडू नका. वाळूची तर वेगळीच गत. गंगेची, म्हणजे गोदावरीची, वाळू घाटाच्या लिलावावर आणि पावसाळ्याच्या बंदीवर अवलंबून असते, आणि वाहतूक पास नसलेला हायवा साइटवर सापडला तर अडचण तुमचीही होते. काँक्रीटला क्रश सँड घ्या, गिलाव्याला चाळलेली.

आणि पाणी. २,८०० चौरस फुटांच्या स्लॅबवर वाफे करून पाच सेंटीमीटर पाणी उभे करायचे तर १३,००० लिटर लागते. एप्रिल-मेच्या उन्हात रोज एक सेंटीमीटर तरी उडते, म्हणजे रोज २,६०० लिटर. पीपीसी सिमेंटला कोरड्या उष्ण हवेत १४ दिवस पाणी हवे. हिशेब एका स्लॅबला ५०,००० लिटरच्या घरात जातो. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे टँकर मिळेलच असे धरू नका, त्याचा करार जानेवारीतच करा. बोअरचे पाणी आधी तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, नाहीतर आतली सळई गंजायला लागते. उन्हाळ्यातला स्लॅब दुपारी चारनंतर सुरू करा. दुपारच्या झळीत वरचा पृष्ठभाग तासाभरात तडकतो. ४५ घनमीटरच्या स्लॅबला चार ठिकाणचे नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, हे मानकातच आहे. क्यूबवर तारीख आणि मजला कोरून ठेवा.

ग्राहक फ्लॅट बघायला आला की हॉलची लांबी-रुंदी बघतो, पण राहायला आल्यावर त्याला टाकी महत्त्वाची ठरते. आपल्या बऱ्याच शहरांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. बारा घरे, घरटी पाच माणसे, माणशी १३५ लिटर, असे रोजचे ८,१०० लिटर. सात दिवसांचे ५६,७०० लिटर. जमिनीखालची टाकी ६०,००० लिटरची, म्हणजे पाच बाय चार बाय तीन मीटर पाण्याची, हवी. तिच्या भिंती मातीच्या दाबासाठी डिझाइन करा, कारण पावसाळ्यात बाहेरची काळी माती फुगलेली असते आणि टाकी धुण्यासाठी रिकामी केली की भिंतीला आतून आधार राहत नाही.

ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातला दोष तुम्हालाच, तक्रार आल्यापासून ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. शेवटच्या हप्त्यांतले चार-पाच लाख वेगळ्या ठेवीत ठेवा आणि नफा वाटताना त्यांना हात लावू नका. तक्रारी बहुतेक तीनच ठिकाणच्या असतात: संडास-बाथरूमचा खोलगट भाग, गच्ची, आणि कॉलम जिथे भिंतीला मिळतो तो सांधा. फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये ४८ तास पाणी तुंबवून खालच्या मजल्याचे छत बघा. गच्चीला तेच करा. कॉलम-भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटीमीटर जाईल अशी जाळी ठोका. फ्लॅट क्रमांक घालून या तिन्हींचे फोटो ठेवा. तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या कोणी स्वतः फरशी बदलून गळती लावली, तर ती तुमच्या खात्यावर येत नाही.